एट माइलची वेस



एका अमेरिकन रॅपगायकाचे पूर्वचरित्र हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे, हे पत्रिकेत वाचून आपणांपैकी काहींच्या भुवया उंचावल्या असतील. इतिहासाच्या अभ्यासकाने तह, लढाया आणि महसुलाचे दप्तर सोडून या शिवराळ गाणाऱ्याच्या मागे का लागावे, असा प्रश्न कोणी केला तर तो गैरवाजवी म्हणता येणार नाही. माझे उत्तर एवढेच की, ज्या शहरात हा गायक वाढला त्या शहराच्या हद्दीवर एक रस्ता आहे, आणि त्या रस्त्याचा इतिहास समजल्याखेरीज या माणसाचा उत्कर्ष समजत नाही. उलट, या माणसाची हकीकत नीट पाहिली म्हणजे तो रस्ता काय चीज आहे हेही कळून येते.

रस्त्यापासूनच आरंभ करू. मिशिगन राज्यातील डेट्रॉइट शहराच्या उत्तर सीमेवरून एक सरळसोट रस्ता पूर्व-पश्चिम जातो. १८१५ च्या सुमारास सरकारी मोजणीदारांनी मिशिगन प्रांताची जमीन मोजण्यासाठी जी आधाररेषा आखली, तिच्यावरच पुढे हा रस्ता झाला. शहराच्या मध्यापासून आठ मैलांवर, म्हणून त्याचे नाव एट माइल. दक्षिणेस वेन कौंटी आणि डेट्रॉइट; उत्तरेस ओकलंड व मॅकोम या कौंट्या आणि त्यांतील उपनगरे. मोजणीदाराच्या साखळीने पडलेली ही रेघ शंभर वर्षे निरुपद्रवी होती. विसाव्या शतकात तिची वेस झाली. आपल्याकडे गावकुसाला जो अर्थ आहे, तोच अर्थ त्या रेघेला आला.

हे कसे घडले ते थोडक्यात सांगतो. १९१४ साली हेन्री फोर्डने आपल्या कारखान्यात दिवसाला पाच डॉलर मजुरी देऊ केली आणि दक्षिणेकडील राज्यांतून माणसांचा लोंढा डेट्रॉइटकडे वळला. त्यात काळे होते आणि गरीब गोरेही होते. कारखान्यात दोघांची गरज होती. पण वस्तीत दोघे शेजारी नांदू नयेत अशी व्यवस्था घरमालकांनी, दलालांनी आणि खुद्द सरकारने केली. घरांसाठी मिळणाऱ्या कर्जाची हमी एक सरकारी खाते घेत असे, आणि काळ्यांच्या वस्तीलगतच्या घरांना ते हमी नाकारी. १९४१ साली एट माइलच्या दक्षिणेस एका घरबांधणी व्यावसायिकाला हीच अडचण आली. त्याने तोड काढली ती अशी: शेजारची काळ्यांची वस्ती आणि आपल्या नव्या घरांची जागा यांच्यामध्ये सहा फूट उंच आणि सुमारे अर्धा मैल लांब भिंत घातली. भिंत उभी राहिली आणि कर्जाची हमी मंजूर झाली. ती भिंत आजही तेथे आहे. पुढे तिच्यावर चित्रे रंगविण्यात आली.

१९४३ च्या जून महिन्यात शहरात दंगल झाली. तीत ३४ माणसे मेली, त्यांपैकी २५ काळी होती. १९६७ च्या जुलैत पुन्हा भडका उडाला. त्यात ४३ बळी पडले. गोरी कुटुंबे दंगलीच्या आधीपासूनच रस्त्यापलीकडे जाऊ लागली होती, ती आता धावत सुटली. १९५० साली शहराची वस्ती साडेअठरा लाख होती आणि तिच्यात काळे सुमारे सोळा टक्के. १९९० साली वस्ती दहा लाखांच्या आसपास उतरली आणि तिच्यात काळे तीन-चतुर्थांश झाले. रस्त्यापलीकडच्या वॉरन या गावात १९७० च्या खानेसुमारीप्रमाणे पावणेदोन लाखांवर लोक राहत होते, आणि त्यांत गोऱ्यांचे प्रमाण शेकडा साडेनव्याण्णव होते.

१९७४ साल या रस्त्याच्या चरित्रात विशेष महत्त्वाचे आहे. जानेवारीत कोलमन यंग हे डेट्रॉइटचे पहिले कृष्णवर्णीय महापौर अधिकारावर आले. पहिल्याच भाषणात त्यांनी चोर, लुटारू आणि मादक पदार्थ विकणारे यांना शहर सोडून एट माइलचा रस्ता धरण्यास बजावले. पलीकडच्या उपनगरांनी याचा अर्थ असा केला की, हा महापौर आपले गुन्हेगार आमच्या दारात पाठवीत आहे! जुलैमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मिलिकेन विरुद्ध ब्रॅडली या खटल्यात पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल दिला. शहरातील मुले उपनगरांच्या शाळांत आणि उपनगरांतील मुले शहराच्या शाळांत बसने नेऊन शाळा मिश्र कराव्यात, हा खालच्या न्यायालयाचा आदेश त्याने रद्द केला. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, शाळेपुरती वेस कायद्याने कायम झाली.

आता माणसाकडे वळू. मार्शल ब्रूस मॅथर्स याचा जन्म १७ ऑक्टोबर १९७२ रोजी मिझुरी राज्यातील सेंट जोसेफ या गावी झाला. योगायोग असा की, ज्या मोटाउन कंपनीने डेट्रॉइटचे काळे संगीत जगभर नेले, तिने त्याच वर्षी आपले बिऱ्हाड डेट्रॉइटहून लॉस एंजेलिसला हलविले. मुलगा तान्हा असतानाच बाप घर सोडून गेला. मोठेपणी मुलाने त्याला पत्रे लिहिली, ती न उघडता परत आली, असे मुलगा सांगतो. आई मुलाला घेऊन कधी मिझुरीत, कधी डेट्रॉइटच्या आसपास, नातेवाइकांच्या आश्रयाने राहू लागली. एका शाळेत वर्ष पुरे झाले असे क्वचितच घडले. नवा मुलगा, अंगाने किरकोळ, बोलण्यात बुजरा. अशाला शाळेत जे भोगावे लागते ते त्यालाही भोगावे लागले. १९८२ साली रोझव्हिल येथील प्राथमिक शाळेत एका मोठ्या मुलाने त्याला इतके मारले की, त्याला इस्पितळात ठेवावे लागले. आईने शाळाखात्यावर दावा लावला, तो फेटाळला गेला. या प्रकरणाची शेपटी मोठी गमतीची आहे. सतरा वर्षांनी मार्शलने त्या मुलाचे नाव घेऊन गाणे केले; त्या मुलाने, म्हणजे आता प्रौढ झालेल्या गृहस्थाने, अब्रुनुकसानीची फिर्याद केली; आणि २००३ साली ती फेटाळताना मॅकोम कौंटीच्या न्यायाधीशबाईंनी निकालाचा सारांश यमके जुळवून पद्यात दिला! न्यायदेवतेला ठेका धरावयास लावणारा हा पहिलाच आरोपी असावा.

बाराव्या वर्षाच्या सुमारास मायलेक डेट्रॉइट परिसरात कायमचे आले. राहणे कधी रस्त्याच्या या बाजूला, कधी त्या. शहराच्या पूर्व भागात ड्रेस्डेन नावाच्या गल्लीतील एका लहानशा घरात त्याच्या पोरवयाची बरीच वर्षे गेली. हे घर एट माइलच्या दक्षिणेस होते. त्या आळीत गोरी घरे बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. ज्यांना जाणे परवडले ते निघून गेले. ज्यांना परवडले नाही ते राहिले. डेट्रॉइटच्या गोऱ्यांच्या स्थलांतराविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु जे मागे राहिले त्यांच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. हा मुलगा त्या मागे राहिलेल्यांपैकी होता.

त्याची हायस्कूलची शाळा मात्र उत्तरेस, वॉरनमध्ये होती. लिंकन हायस्कूलमध्ये तो नववीत तीन वेळा बसला आणि सतराव्या वर्षी शाळेला रामराम ठोकून बाहेर पडला. गणित आणि समाजशास्त्र यांच्याशी त्याचे जमले नाही. भाषेशी मात्र त्याचे विलक्षण सूत जुळले होते. शब्दकोश घेऊन पाने चाळीत बसावे आणि नवे शब्द हेरून ठेवावेत, हा त्याचा छंद होता. कागदाच्या चिटोऱ्यांवर, हॉटेलच्या कागदांवर, मिळेल त्या कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरात यमके टिपून ठेवण्याची त्याची सवय पुढेही सुटली नाही. २०१० साली दूरचित्रवाणीवर त्याची मुलाखत झाली, तेव्हा त्याने अशा चिटोऱ्यांनी भरलेली पेटीच उघडून दाखविली. संत्र्याला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याला यमक नाही असे तिकडे मानतात. या गृहस्थाने त्या शब्दाचे दोन तुकडे पाडले, उच्चार जरासा वाकविला आणि एकामागून एक यमके काढून दाखविली. मोरोपंतांच्या आर्या ज्यांच्या कानांत आहेत त्यांना यात परके असे काही वाटू नये.

आता रॅप म्हणजे काय ते दोन शब्दांत सांगितले पाहिजे. ठेक्यावर म्हटलेले, यमकांनी गच्च भरलेले बोलणे म्हणजे रॅप. सूर गौण, शब्द प्रधान. त्याचा जन्म सामान्यतः ११ ऑगस्ट १९७३ या दिवशी मानतात. त्या रात्री न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक अव्हेन्यूवरील एका इमारतीत, जमेकाहून आलेल्या कूल हर्क नावाच्या तरुणाने बहिणीच्या मेजवानीत दोन ग्रामोफोन चालविले. गाण्यातील नुसत्या तालाचा तुकडा आलटूनपालटून दोन्ही तबकड्यांवर वाजवून त्याने तो लांबविला, आणि त्या लांबलेल्या तालावर बोलणारे पुढे आले. १९७९ साली या बोलण्याची पहिली गाजलेली तबकडी निघाली. याहून जुनी अशी एक चाल काळ्यांच्या गल्ल्यांत होतीच: दोघांनी समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या आयांपासून आरंभ करून पाळीपाळीने उणीदुणी काढावयाची, आणि जो चिडेल तो हरला. या खेळाला ते ‘डझन्स’ म्हणतात. रॅपमधील झुंजी या खेळातून वाढल्या. आपल्याकडे कलगीवाले आणि तुरेवाले डफावर रात्र रात्र एकमेकांना अडवीत, त्यांची आठवण करावी. फरक इतकाच की, त्यांचे झगडे शिव मोठा की शक्ती यावरून होत, आणि येथे समोरच्याचे कपडे, दारिद्र्य आणि कातडी हाच विषय असतो.

मार्शलला रॅपची गोडी लावली ती त्याच्या मामाने. मामा जवळजवळ त्याच्याच वयाचा होता. ‘ब्रेकिन’ या १९८४ च्या चित्रपटाच्या गाण्यांची फीत त्याने भाच्याला ऐकविली. १९९१ साली या मामाने आत्महत्या केली, आणि भाच्याने कित्येक दिवस तोंड उघडले नाही. दुसरा माणूस त्याच्या आयुष्यात आला तो देशॉन होल्टन. हा कृष्णवर्णीय मुलगा ऑसबॉर्न या शहरातील हायस्कूलचा विद्यार्थी होता, आणि रॅपमध्ये त्याने नाव घेतले होते ‘प्रूफ’, म्हणजे पुरावा. नावाप्रमाणेच तो वागला. त्याने या गोऱ्या मित्राला ऑसबॉर्नच्या भोजनगृहात नेले आणि तेथील पोरांशी झुंज लावून दिली. याला हरविणार का, म्हणून पैज लावावी आणि मित्राने बाजी मारली की हसावे, असा त्याचा खाक्या होता. येथे क्षणभर थांबावेसे वाटते. सर्वोच्च न्यायालयाने जी सरमिसळ नामंजूर केली होती, ती त्या भोजनगृहात, सरकारी बसगाडीविना, होत होती. मात्र ती एकाच माणसापुरती होती, आणि गोरा मुलगा शहरात येत होता म्हणून होत होती. ऑसबॉर्नच्या पोरांनी वॉरनच्या भोजनगृहात तसेच सहज जाऊन बसावे, अशी ती वेस नव्हती.

१९९३ साली मॉरिस मलोन नावाच्या पोशाखकाराने सेव्हन माइल रस्त्यावर ‘हिपहॉप शॉप’ हे कपड्यांचे दुकान काढले. दर शनिवारी तेथे झुंजी होत आणि सूत्रधार असे प्रूफ. ऐकणारे बहुतेक सारे काळे. गोरा चेहरा पुढे आला की, लोक आधी हसत. याला कारणही होते. १९८७ साली बीस्टी बॉइज या तीन गोऱ्या पोरांचा संग्रह रॅपमधील पहिला असा ठरला की, जो अमेरिकेच्या विक्रीयादीत अग्रस्थानी गेला. १९९० साली व्हॅनिला आइस या गोऱ्याने एकेका गाण्यांच्या यादीत तोच पराक्रम केला. आणि मग उघडकीस आले की, गल्लीतल्या खडतर बालपणाची जी कथा त्याच्या नावावर सांगितली जात होती, ती बनावट होती. या घटनेचा परिणाम दूरवर झाला. रॅपमध्ये जीवनकथा हाच सातबारा असतो. आपण कोठले, कोणत्या आळीतले, काय भोगले, याचा उतारा दाखविल्याशिवाय कोणाला उभे राहू देत नाहीत. एका गोऱ्याने खोटा उतारा दाखविल्यामुळे पुढच्या प्रत्येक गोऱ्याकडे लोक संशयाने पाहू लागले.

दुकानातल्या झुंजींत मार्शल मॅथर्स, आद्याक्षरांवरून ‘एमिनेम’, पुष्कळदा जिंकला. पण १९९६ साली बेस बंधूंच्या साहाय्याने त्याने काढलेला ‘इन्फिनिट’ हा पहिला संग्रह सपशेल पडला. हजारभर प्रती निघाल्या. ऐकणारे म्हणाले की, हा न्यूयॉर्कच्या नासची नक्कल करतो, आणि ते खरेच होते. घरात तान्ही मुलगी होती. तिचा जन्म १९९५ च्या नाताळाचा. सेंट क्लेअर शोअर्स येथील एका खाणावळीत तो स्वयंपाकी व भांडीवाला म्हणून तासाला साडेपाच डॉलरवर राबत होता. ते कामही सुटले, आणि तेही मुलीच्या वाढदिवसाच्या तोंडावर, असे तो सांगतो.

त्याच्या हातात आता उरले होते ते एवढेच: अपयश, दारिद्र्य आणि राग. याच सुमारास प्रूफने सहा जणांचा एक संच जमविला आणि प्रत्येकाने एक दुसरे, वाईट चालीचे नाव व स्वभाव घ्यावा अशी टूम काढली. सहाचे बारा झाले, म्हणून संचाचे नाव ‘डी ट्वेल्व्ह’. मॅथर्सला आपले दुसरे नाव सुचले ते शौचकूपात, असे त्यानेच सांगून ठेवले आहे. चरित्रकाराने ते लपविण्यात अर्थ नाही. ते नाव ‘स्लिम शेडी’. हा स्लिम शेडी म्हणजे पुरता वाह्यात, खुनशी, स्वतःचीच फजिती सांगून हसणारा इसम. त्याच्या तोंडाने मॅथर्स बोलू लागला आणि त्याला स्वतःचा आवाज सापडला. यातील मर्म झुंजीच्या नियमांतच आहे. समोरचा तुला काय म्हणणार? गोरा आहेस, कंगाल आहेस, फिरत्या डब्यात राहिलास, बायको टिकत नाही, मार खाऊन आलास. ते सारे आपणच आधी, त्याच्यापेक्षा अधिक चांगल्या यमकांत, सांगून टाकावयाचे. मग प्रतिपक्षाच्या हाती शस्त्रच उरत नाही. व्हॅनिला आइसने उतारा सजवून दाखविला होता. याने आपल्या उताऱ्यावरील सगळा बोजा मोठ्याने वाचून दाखविला. माझ्या मते त्याच्या कलेतील खरा शोध हाच आहे. बाकीचे कसब आहे.

१९९७ च्या शरद ऋतूत लॉस एंजेलिस येथे ‘रॅप ऑलिंपिक्स’ नावाची झुंज भरली. भाडे थकून घर गेलेल्या अवस्थेत तो तेथे पोहोचला आणि शेवटच्या फेरीत हरून दुसरा आला. बक्षीस गेले. परंतु त्याची फीत इंटरस्कोप कंपनीच्या एका उमेदवाराच्या हाती पडली, तेथून ती कंपनीचा प्रमुख जिमी आयोव्हिन याच्याकडे, आणि आयोव्हिनच्या घरी ती डॉक्टर ड्रेच्या कानी पडली. ड्रे म्हणजे कॉम्प्टनच्या एन.डब्ल्यू.ए. या गाजलेल्या संचाचा संगीतकार आंद्रे यंग. १९९६ मध्ये जुनी कंपनी सोडून त्याने स्वतःची काढली होती, पण नव्या कंपनीचे पहिले संग्रह अपेक्षेप्रमाणे चालले नव्हते. त्यालाही नव्या माणसाची निकड होती. भोवतालच्या लोकांनी गोऱ्या माणसाबद्दल कुरकुर केली, तेव्हा म्हणता येत असेल तर तो जांभळा असला तरी चालेल, अशा अर्थाचे त्याने सुनावले. पहिल्याच बैठकीत, तासाभरात, ‘माय नेम इज’ हे गाणे उभे राहिले.

त्या गाण्याची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. ड्रेने चाल उचलली होती ती लॅबी सिफ्री या इंग्रज गायकाच्या १९७५ च्या गाण्यातून. सिफ्री हे स्वतः समलिंगी. त्यांनी शब्द वाचले आणि समलिंगी व स्त्रिया यांची टवाळी करणाऱ्या ओळी बदलल्याखेरीज परवानगी देण्याचे नाकारले. दुबळ्यांना लाथ मारण्यात बंडखोरी कसली, हा त्यांचा आक्षेप होता. ओळी बदलल्या गेल्या, गाणे निघाले. आक्षेप मात्र एमिनेमच्या पुढच्या सर्व कामगिरीला लागू राहिला. त्याची वकिली करणारे म्हणतात की, बोलतो तो स्लिम शेडी, नाटकातील खलपुरुष. हे काही अंशी खरे आहे. परंतु बायकोच्या खुनाची गाणी करताना आणि त्यांतल्या एकात स्वतःच्या तान्ह्या मुलीचा आवाज वापरताना तो मुखवट्याआड पुरेसा लपला आहे असे मला वाटत नाही. आपल्या आईला त्याने गाण्यांतून इतके ओरबाडले की, तिने १९९९ मध्ये सुमारे एक कोटी डॉलरचा दावा लावला. २००१ साली पंचवीस हजारांवर तडजोड झाली आणि वकिलांची देणी भागून तिच्या हाती सोळाशेच्या आसपास डॉलर पडले. या खटल्यात जिंकले कोण, हे मला सांगता येणार नाही.

‘द स्लिम शेडी एलपी’ हा संग्रह फेब्रुवारी १९९९ मध्ये निघाला. पहिल्या आठवड्यात २ लाख ८३ हजार प्रती खपल्या आणि तो विक्रीयादीत दुसरा आला. मे २००० मध्ये निघालेल्या ‘द मार्शल मॅथर्स एलपी’च्या पहिल्या आठवड्यातच साडेसतरा लाखांहून अधिक प्रती गेल्या. रॅपच्या संग्रहाने तोपर्यंत असा खप पाहिलेला नव्हता. त्या संग्रहाच्या वेष्टनावर ड्रेस्डेन गल्लीतल्या घराचे चित्र आहे आणि पायरीवर मार्शल बसलेला आहे. उतारा वेष्टनावरच छापला होता!

आता विचारावयाचे ते हे की, या लाखो प्रती घेतल्या कोणी? येथे १९९१ सालातील एक कोरडी वाटणारी घटना ध्यानात घेतली पाहिजे. तोवर अमेरिकेत तबकड्यांच्या खपाची यादी दुकानदारांच्या तोंडी सांगण्यावर बने. त्या वर्षीच्या मे महिन्यापासून गल्ल्यावर वेष्टनावरील रेघा यंत्राने वाचून खरी विक्री मोजली जाऊ लागली. काही आठवड्यांतच एन.डब्ल्यू.ए.चा संग्रह अग्रस्थानी जाऊन बसला आणि व्यापारी चकित झाले. उपनगरांच्या बाजारपेठांतील गोरी पोरे काळ्या शहरांचे संगीत किती घेत होती, हे तेव्हा आकड्यांत दिसले. म्हणजे एमिनेम येण्यापूर्वी गिऱ्हाईक तयार होते. एट माइलच्या उत्तरेकडील पोरांना दक्षिणेकडील आवाज हवा होता. तो आवाज त्यांच्याच चेहऱ्याच्या माणसाने काढला, तेव्हा त्यांनी त्याला डोक्यावर घेतले. एमिनेमने ही वेस दोनदा ओलांडली: एकदा शिकण्यासाठी दक्षिणेकडे आणि एकदा विकण्यासाठी उत्तरेकडे. पहिल्या खेपेला त्याला काळ्यांनी वाट दिली. दुसऱ्या खेपेला त्याच्या कातडीने दिली.

हे त्याला ठाऊक नव्हते असे मात्र कोणी म्हणू नये. २००२ सालच्या एका गाण्यात त्याने स्वतःच हिशेब मांडला आहे की, आपण काळे असतो तर खप निम्मा झाला असता. बिग मामा थॉर्नटन या काळ्या गायिकेने १९५२ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले गाणे एल्व्हिस प्रेस्लीने १९५६ मध्ये गाऊन किती कमावले, याची आठवण अमेरिकेत बुजलेली नाही. आणि एमिनेमने त्या प्रेस्लीशी आपली तुलना आपणच केली. झुंजीतील जुनीच युक्ती: आरोप आधी आपण वाचून दाखवावा. परंतु आरोप कबूल केल्याने तो फिटतो असे नाही. २००३ साली एका मासिकाने त्याची पोरवयातली जुनी फीत बाहेर काढली, तीत त्याने काळ्या स्त्रियांविषयी हलकट शब्द वापरले होते. एका काळ्या मुलीशी संबंध तुटल्यावर रागाच्या भरात केलेला मूर्खपणा, असे म्हणून त्याने क्षमा मागितली. हा उताऱ्यावरचा एक बोजा असा होता की, जो त्याने आधी वाचून दाखविला नव्हता.

पुढचा भाग सर्वश्रुत आहे म्हणून झटपट सांगतो. सिनेटच्या समितीपुढे त्याच्या नावाने तक्रारी झाल्या. २००१ च्या फेब्रुवारीत बाहेर निदर्शने चालू असता ग्रॅमीच्या रंगमंचावर तो समलिंगी गायक एल्टन जॉन यांच्यासह गायला. नोव्हेंबर २००२ मध्ये ‘एट माइल’ हा त्याच्या आयुष्यावर बेतलेला चित्रपट आला आणि पहिल्या तीन दिवसांत पाच कोटी डॉलरवर धंदा करून गेला. मार्च २००३ मध्ये त्यातील गाण्यास ऑस्कर मिळाले. रॅपला हा मान प्रथमच मिळत होता, आणि ते घेण्यास तो गेला नाही. सहकारी लुइस रेस्टोने ते स्वीकारले.

अशा रीतीने मोजणीदाराची रेघ जगभर चित्रपटाचे नाव झाली. रेघेवर राहणाऱ्यांचे त्याने काय झाले? २००० साली डेट्रॉइटची वस्ती ९,५१,२७० होती. २०१० मध्ये ७,१३,७७७. या दहा वर्षांत शहर सोडणाऱ्यांत काळ्यांची मध्यमवर्गीय कुटुंबे मोठ्या संख्येने होती. वेस उशिरा का होईना त्यांनीही ओलांडली, आणि वॉरन आता पूर्वीचे वॉरन राहिले नाही. प्रूफ मात्र पलीकडे गेला नाही. ११ एप्रिल २००६ च्या पहाटे एट माइल रस्त्यावरील एका क्लबात भांडण होऊन गोळ्या झाडल्या गेल्या, दोघांचा जीव गेला, आणि त्या दोघांत प्रूफ होता. त्याचे वय ३२ वर्षांचे होते. मित्राचे नाव जगभर झाल्यावरही त्याने शहरातील झुंजींत उभे राहणे आणि नव्या पोरांना उभे करणे सोडलेले नव्हते.

ड्रेस्डेन गल्लीतले घर २०१३ च्या नोव्हेंबरात जळाले, आणि त्याच महिन्यात निघालेल्या नव्या संग्रहाच्या वेष्टनावर त्याच घराचे चित्र होते, फळ्या ठोकून बंद केलेले. पुढे ते पाडण्यात आले. त्याच्या सातशे विटा २०१६ साली विक्रीस निघाल्या. एका विटेची किंमत साडेतीनशे डॉलर होती, आणि प्रत्येक विटेसोबत ती अस्सल असल्याचे प्रमाणपत्र दिलेले होते.